ऑनलाइन चित्रफितींचे संरक्षण : कुलूप कोणासाठी? – एक चिकित्सा

प्रस्तावना :

माध्यमांतर हा मराठीच्या अध्यापनात आता चांगलाच रुळलेला विषय आहे. कादंबरी किंवा कथेसोबत चित्रपटाचाही पाठ म्हणून विचार व्हावा, हे बहुतेक अध्यापकांना मान्य असते. कुहीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मराठीचा एखादा अध्यापक नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटातील पाच-सात मिनिटांचा प्रसंग वर्गात दाखवू इच्छितो, असे समजू. चित्रपट नागपूरच्या वस्तीतला आहे, फुटबॉल शिकविणारे विजय बारसे नागपूरचेच, आणि बोलीही विद्यार्थ्यांच्या कानावरची. अध्यापकाने वर्गणी भरलेली आहे. वर्गात आंतरजालाची खात्री नसल्यामुळे तो घरूनच तेवढा भाग मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंगने उतरवून घेऊ पाहतो, तर नोंद होते ती निव्वळ काळ्या पडद्याची. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून पाहावे, तर जुना प्रोजेक्टर संरक्षित चित्र स्वीकारत नाही आणि भिंतीवर पुन्हा अंधारच दिसतो. याउलट त्याच चित्रपटाची चोरटी प्रत शोधणाऱ्याला ती फारशा कष्टाविना मिळते. तिला ना कुलूप असते, ना वर्गणी.

प्रस्तुत लेखाचा विषय हा विरोधाभास आहे. पायरसीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. मराठी चित्रपटाचा निर्माता बहुधा तुटपुंज्या भांडवलावर उभा असतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे उत्पन्न हेच त्याचे सर्वस्व असते. प्रश्न वेगळाच आहे. संरक्षणाच्या नावाखाली जी व्यवस्था उभी राहिली ती नेमके कोणाला अडवते, आणि चोरी जेथून होते त्या दाराशी ती उभी तरी आहे काय?

कुलपाची रचना :

ऑनलाइन चित्रफीत प्रेक्षकाकडे सांकेतिक रूपात, म्हणजे कूटबद्ध होऊन येते. ती उलगडण्याची किल्ली स्वतंत्र परवाना-सर्व्हरकडून मिळते आणि ती प्रेक्षकाच्या हाती न देता त्याच्या यंत्रातील एका बंदिस्त भागात ठेवली जाते. या व्यवस्थेला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, संक्षेपाने डीआरएम, असे म्हणतात. गूगलची 'वाइडवाइन', ॲपलची 'फेअरप्ले' आणि मायक्रोसॉफ्टची 'प्लेरेडी' या तीन प्रणाली आज प्रचारात आहेत. ब्राउझरमध्ये त्यांना जागा करून देणारे 'एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स' हे तांत्रिक मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१७ मध्ये मान्य केले आणि त्या वेळी या निर्णयाला बराच विरोधही झाला. यंत्र आणि पडदा यांच्यामधील तारेवर 'एचडीसीपी' हा आणखी एक पहारेकरी असतो. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये काळा चौकोन उमटतो याचे कारण एवढेच, की कार्यप्रणाली संरक्षित चित्राचा थर पडद्यावर दाखवते, परंतु नोंद घेणाऱ्या ॲपला देत नाही.

वाइडवाइनच्या पातळ्यांचा मुद्दा ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. किल्ली ज्या यंत्रात हार्डवेअरच्या सुरक्षित कप्प्यात राहते ते पहिल्या पातळीचे, आणि जेथे हे काम केवळ सॉफ्टवेअरवर चालते ते तिसऱ्या पातळीचे. तिसऱ्या पातळीच्या यंत्रावर बहुतेक मंच उच्च दर्जाचे चित्र पाठवीतच नाहीत. स्वस्त मोबाइल वापरणाऱ्या विद्यार्थ्याचे यंत्र या पातळीचे असेल, तर वर्गणी तीच भरूनही त्याला अस्पष्ट चित्रावर समाधान मानावे लागते. त्याने कोणतीही चोरी केलेली नसते. त्याच्या यंत्रावर विश्वास नाही, एवढेच कारण असते. उतरवून ठेवलेला भाग ठरावीक मुदतीनंतर आपोआप निकामी होतो, हा त्यातलाच दुसरा भाग. जेथे नेटवर्क येते-जाते तेथे या मुदतीचा जाच शहरापेक्षा किती तरी अधिक असतो.

एवढे करून कुलूप टिकते का? डीव्हीडीवरील संरक्षण १९९९ मध्ये मोडले गेले. त्या प्रकरणात नॉर्वेतील एका किशोरवयीन मुलावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. एचडीसीपीची मूळ किल्ली २०१० मध्ये उघडी पडली आणि ती अस्सल असल्याचे इंटेलने मान्य केले. शिवाय मोबाइलच्या पडद्यासमोर दुसरा मोबाइल धरून चित्रण करणाऱ्याला कोणतीही सांकेतिक लिपी थोपवू शकत नाही. जे डोळ्यांना दिसते ते कॅमेऱ्यालाही दिसणारच. मायक्रोसॉफ्टच्याच काही अभियंत्यांनी २००२ मध्ये एका शोधनिबंधात असा युक्तिवाद केला होता की, कुलूप जगात कोठेही एकदा मोडले की खुली प्रत सर्वत्र पोहोचते आणि त्यानंतर मूळ कुलपाचा भार केवळ प्रामाणिक ग्राहकावर उरतो. दोन दशकांनंतरही या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

डीआरएमच्या पुरस्कर्त्यांचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे. कुलूप अभेद्य असण्याची गरज नाही; प्रदर्शनानंतरचे काही दिवस ते टिकले तरी पुरे, कारण उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच दिवसांत येतो. हे म्हणणे मान्य करावे लागेल. परंतु ते मान्य केले की कुलूपही तेवढ्याच काळापुरते असावे, असे त्यातूनच निघते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

गळती घरातूनच :

१७ जून २०१६ रोजी प्रदर्शित व्हावयाचा 'उडता पंजाब' हा हिंदी चित्रपट मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, प्रदर्शनाच्या दोनच दिवस आधी आंतरजालावर आला. त्या प्रतीवर 'सेन्सॉरसाठी' असा इंग्रजी शिक्का होता. म्हणजे कोणा प्रेक्षकाने ही प्रत चोरलेली नव्हती; प्रेक्षकाला चित्रपट अद्याप दिसलाच नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा एक भाग प्रसारणापूर्वीच फुटला. त्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी चौघांना अटक केली. मालिकेवर भारतीय मंचासाठी तांत्रिक प्रक्रिया करणाऱ्या मुंबईतील कंपनीशी संबंधित अशा या व्यक्ती होत्या आणि तक्रारही त्या कंपनीनेच केली होती. जगातील अत्यंत कडेकोट कुलपांपैकी एक या मालिकेला होते, पण चोरी झाली ती कुलूप लागण्यापूर्वीच्या खोलीत.

'सैराट' (२९ एप्रिल २०१६) या चित्रपटाच्या चोरट्या प्रती प्रदर्शनानंतर लवकरच मोबाइलवरून हातोहात फिरू लागल्या आणि निर्मात्यांना प्रेक्षकांना आवाहन करावे लागले. तरीही हाच चित्रपट शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून गणला गेला. यावरून पायरसीने नुकसान होत नाही, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. 'सैराट'ला जे सोसले ते एखाद्या लहान चित्रपटाला सोसेलच असे नाही. चोरटी प्रत म्हणजे गमावलेले एक तिकीट हे समीकरणही मात्र तितकेच कच्चे आहे. ज्या गावाला चित्रपटगृहच नाही तेथे गमावण्यासारखे तिकीट कोठून आणायचे?

कायद्याची दिशा :

महाराष्ट्राने या प्रश्नावर योजलेला उपाय भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांच्या पंक्तीत 'दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती (व्हिडिओ पायरेट्स)' येऊन बसल्या. पुढे त्याच पंक्तीत वाळू तस्करांनाही पाट मिळाला. या कायद्यानुसार खटला न चालविता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. ज्या काळात पायरसी म्हणजे पदपथावरील सीडी विक्रेता हे चित्र होते त्या काळाचा हा कायदा आहे. ऑनलाइन पायरसीचा कर्ता बहुधा अनामिक व दूरस्थ असतो. अनामिकाला स्थानबद्ध करता येत नाही. त्यामुळे कायद्याची ही तलवार ज्याचे नाव-गाव ठाऊक आहे अशा शेवटच्या लहान दुकानदारावरच पडण्याची शक्यता अधिक. २०१७ मध्ये राज्याच्या सायबर विभागात बौद्धिक संपदा गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला गेला, ही त्या मानाने योग्य दिशा म्हणावी लागेल.

केंद्रीय पातळीवर चलच्चित्र (सुधारणा) अधिनियम, २०२३ आला. त्यात चोरट्या चित्रणासाठी तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि तीन लाख रुपयांपासून लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पण चित्रण करणाऱ्यासंबंधीचे कलम ६ कक परवानाप्राप्त चित्रपटगृहातील ध्वनिचित्रणाविषयी बोलते. घरबसल्या ऑनलाइन मंचावरून केलेले स्क्रीन रेकॉर्डिंग त्या कलमाच्या सरळ कक्षेत येत नाही. त्यासाठी पुन्हा स्वामित्वहक्क कायदा, १९५७ कडेच वळावे लागते.

त्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ हे या चर्चेचे मर्म आहे. हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात आहे. परंतु कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी कोणी तसे केले तर ते कलम आड येत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या तुलनेत ही भारतीय भूमिका खरोखरच समंजस आहे. कलम ५२ अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग मानत नाही. विद्यार्थी, कर्मचारी व पालक यांच्यापुरता मर्यादित प्रेक्षक असेल तर शैक्षणिक संस्थेत चित्रपट दाखविण्यासही ते कलम मुभा देते. अपंग व्यक्तींसाठी सुलभ रूपातील प्रत करण्याची सवलत २०१२ मध्ये त्यात जोडली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानासंबंधी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयांनी तर अध्यापनाच्या या सवलतीचा अर्थ पुरेसा विस्तृत केला.

म्हणजे आरंभी उल्लेखिलेल्या अध्यापकाच्या बाजूने कायदा आहे. विरोधात आहे ते यंत्र. हक्क आहे, पण तो बजावण्याची सोय नाही. शिवाय मंचाच्या शर्तींत 'केवळ वैयक्तिक वापरासाठी' असे बंधन असते, त्यामुळे कायद्याने दिलेले करारान्वये काढून घेतले जाते. संसदेने विचारपूर्वक ठेवलेला अपवाद एखाद्या कंपनीच्या अभियंत्याने एका आज्ञावलीच्या ओळीने रद्द करावा, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने जितकी गांभीर्याने घ्यायला हवी तितकी घेतलेली दिसत नाही.

सकळ लिपीचा धडा :

मजकुराला सांकेतिक कुलूप लावण्याची कल्पना मराठीला नवीन नाही. चौदाव्या शतकापासून महानुभाव पंथाने आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर येते. किल्ली पंथीयांकडे असे आणि परक्याच्या हाती पोथी पडली तरी ती त्याच्यासाठी निरर्थक ठरे. पावित्र्यरक्षण, परकीयांपासून बचाव, पाठशुद्धी अशी निरनिराळी कारणे अभ्यासक यासाठी देतात.

या कुलपाने दोन परिणाम साधले आणि दोन्ही येथे विचारात घेतले पाहिजेत. पंथाच्या अंतर्गत वर्तुळात ग्रंथ निष्ठेने जपले गेले, हा पहिला. परंतु ते कुलपामुळे जपले गेले नाहीत. किल्ली असणाऱ्या अनेकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्या नकला केल्या म्हणून जपले गेले. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्रात नष्ट झाली आणि पुढे ती आठवणींतून पुन्हा सिद्ध करावी लागली, असे पंथीय परंपराच सांगते. दुसरा परिणाम असा की, मराठी गद्याचा हा आद्य ठेवा कित्येक शतके मराठी समाजाच्या वाचनात आलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला. पुढे वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाकडे लक्ष वेधले आणि १९३० नंतरच्या दशकात नागपुरातून ह. ना. नेने यांचे 'लीळाचरित्र' छापून आले. राजवाड्यांनी जे केले ते आजच्या परिभाषेत तांत्रिक संरक्षण मोडणेच होय. महानुभावांना ते रुचले नव्हते हेही विसरता कामा नये. त्यांच्या आक्षेपामागे श्रद्धेचा प्रश्न होता आणि तो तुच्छ लेखण्यासारखा नाही.

कुही तालुक्यातील आंभोऱ्याचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. मुकुंदराजाने शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' येथे रचला, अशी परंपरा आहे. स्थळाविषयी आंबेजोगाईकरांचा दावा आहे आणि काळाविषयीही मतभेद आहेत. पण ग्रंथ टिकला तो खुल्या नकलांवर, आणि नकला करणाऱ्यांनी ग्रंथकर्त्याचे नाव पुसले नाही. आजच्या पायरसीत आणि पूर्वीच्या नकलेत फरक आहे तो येथेच. चोरटी प्रत कर्त्याच्या श्रमावर तिसऱ्याला जाहिरातीचे उत्पन्न मिळवून देते. पोथीची नकल करणारा स्वतःचे श्रम खर्ची घालीत असे.

शिकवणीच्या चित्रफिती :

२०२० च्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न चित्रपटापुरता राहिला नाही. अध्यापक स्वतःच चित्रफितीचे कर्ते झाले आणि त्यांची व्याख्याने कोणाच्या नावावर, कोठे फिरत आहेत याचा पत्ता त्यांना राहिला नाही. स्पर्धा परीक्षांच्या सशुल्क व्याख्यानांचे स्क्रीन रेकॉर्डिंग करून ते टेलिग्रामवरील वाहिन्यांतून स्वस्तात विकण्याचा धंदा तर उघडच चालतो. दिल्लीतील शिक्षिका नीतू सिंग यांनी अशाच वाहिन्यांविरुद्ध दाद मागितली. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी वाहिन्या चालविणाऱ्यांचा तपशील न्यायालयास सादर करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. माहिती सिंगापूरमधील सर्व्हरवर आहे आणि तेथील कायदा ती उघड करू देत नाही, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही.

या आदेशाचे मोल असे की, त्याने प्रश्न प्रेक्षकाच्या दारातून उचलून विक्रेत्याच्या दारात नेऊन ठेवला. जे चोरून विकतात त्यांची नावे द्या, असे म्हणताना हजारो विद्यार्थ्यांच्या यंत्रावर अविश्वास दाखविण्याची गरज त्याला पडली नाही. याच विचाराचे तांत्रिक रूप म्हणजे वॉटरमार्क. प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत डोळ्यांना न दिसणारी खूण पेरली तर प्रत कोठून फुटली ते शोधता येते, आणि प्रामाणिक ग्राहकाला त्याचा उपद्रव होत नाही. सेन्सॉरला किंवा प्रक्रियाकेंद्राला जाणाऱ्या प्रतींपासूनच अशा खुणा काटेकोरपणे सुरू झाल्या तर घरातील गळतीवरही वचक बसेल. अनेक शिकवणी-ॲप याचे ढोबळ रूप वापरतात. विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांकच चित्रावर सतत तरंगत ठेवतात. हे मात्र आक्षेपार्ह आहे. विशेषतः विद्यार्थिनीचा क्रमांक शेजारी बसून पाहणाऱ्या कोणालाही वाचता यावा, याला संरक्षण म्हणवत नाही.

मुदतीचा प्रश्न :

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) केव्हाच मुक्त झाला, आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) २०१३ अखेर. 'सैराट' २०७६ च्या अखेरीस मुक्त होईल. हक्काला मुदत आहे, कुलपाला मात्र नाही. हक्क संपल्याच्या दिवशी परवाना-सर्व्हर आपोआप किल्ली सोडून देईल, अशी तजवीज कोणत्याही प्रणालीत नाही आणि तशी ती असावी असे बंधन कलम ६५ अ घालीत नाही. त्या वेळी तो सर्व्हर आणि ती कंपनी अस्तित्वात असतील की नाही, हा आणखी वेगळा प्रश्न.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे दुःख भोगलेले आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकीच रिळे उरली. मुंबईत तयार झालेल्या 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही ज्ञात प्रत शिल्लक नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील अनेक जुने चित्रपट भस्मसात झाले. जे वाचले ते बहुतांशी दुसरीकडे एखादी प्रत होती म्हणून. चित्रपटगृहात लागणारा चित्रपट निदान प्रमाणन मंडळाकडे जातो. थेट ऑनलाइन मंचावर येणारे मराठी चित्रपट व मालिका त्या मंडळाकडे जात नाहीत, त्यांची तबकडीही सहसा निघत नाही, आणि करार संपताच त्या मंचावरून नाहीशा होऊ शकतात. छापील पुस्तकाची प्रत प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयांना विनामूल्य दिलीच पाहिजे, असा कायदा १९५४ पासून आहे आणि मुंबईलाही त्यानुसार प्रत मिळते. चित्रफितीचा समावेश त्या कायद्यात नाही.